उपाशीपोटी घीयर

माझ्याइतकं निर्दोष रक्त बदलापूर पश्चिमेत दुसऱ्या कोणाचं असेल तर त्याने पुढे यावं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत तेहतीस वर्षं मी रिअ‍ॅक्टरवर काढली. तिथल्या हवेत कावळासुद्धा खांबावर बसायच्या आधी दोनदा विचार करायचा, आणि मी त्याच हवेत रोज डबा खाल्ला. आमच्या मांजर्लीतला डास मला चावला की दोन घिरट्या घालतो आणि खिडकीच्या कठड्यावर पाय वर करून पडतो. एवढं सगळं पचवूनही माझा रिपोर्ट यायचा तेव्हा आकडे कसे, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे ओळीत. एकही ठळक नाही.

ठळक म्हणजे काय ते सांगतो. लॅबच्या रिपोर्टात डावीकडे तपासणीचं नाव असतं, मधे तुमचा आकडा, उजवीकडे तो कितीपासून कितीपर्यंत असावा ती हद्द. हद्दीत असला तर आकडा साध्या अक्षरात. हद्द ओलांडली की तोच आकडा जाड, काळाकुट्ट छापतात. आमच्या घरात ठळक आकडा आला तो हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, रिपोर्टात. क्रिएटिनिन. मूत्रपिंडं गाळायचं काम नीट करतात की नाही ते त्यावरून कळतं. गाळणी बिघडली की कचरा रक्तात साठतो आणि आकडा चढतो. हिचा चढतच गेला.

आणि तो जसजसा चढला तसतसं आमचं घर भरत गेलं. मुलगी हैदराबादहून आधी चार दिवसांसाठी यायची, मग आठ, मग महिना महिना राहायला लागली. शेजारणींचे डबे, हिच्या माहेरची माणसं, माझे कंपनीतले दोस्त. दाराबाहेर एवढ्या चपला की एकदा मी घाईत दोन वेगवेगळ्या माणसांच्या दोन चपला घालून हिला डायलिसिसला घेऊन गेलो. दोन्ही डाव्या होत्या. चार तास ती मशीनवर आणि मी तिच्या उशाशी दोन डावे पाय घेऊन बसलेलो. ती हसली होती तेव्हा. शेवटचं नव्हे, पण शेवटच्या काही हसण्यांपैकी ते एक.

मग ही गेली. तेराव्यानंतर चपलाही गेल्या. दारात एक जोड राहिला.

त्यानंतर साताठ महिन्यांनी मी पहिल्यांदा स्वतःहून तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून नाही. एका लॅबचा फोन आला, फुल बॉडी पॅकेज आहे, घरी येऊन रक्त घेऊ. मी एवढंच ऐकलं, घरी येऊ.

आली ती एक ताई. चाळिशी ओलांडलेली, राहायला वांगणीला, स्कूटीवर थंड पेटी बांधून अंबरनाथ-बदलापूरभर फिरणारी. आत येऊन तिने हात धुतले, खुर्ची ओढली, माझा दंड पट्ट्याने बांधला आणि कोपरातली शीर दोन बोटांनी चाचपली. मला एकदम लक्षात आलं, बायकोच्या आजारपणानंतर माझ्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात आज लागतोय.

"काका, मूठ आवळा. आणि बोलू नका, हात हलतो."

"बोललो नाही तर रक्त येत नाही माझं. कंपनीच्या डॉक्टरला विचार. एकदा गप्प बसवलं होतं मला, अर्धा तास सुई टोचून उभा होता, थेंब नाही."

"आलं बघा, सोडा मूठ. तुमची शीर म्हणजे दोरखंड आहे."

दोरखंड! मला बरं वाटलं, पण लगेच हिशेब कळला. दोरखंड शीर म्हणजे पाच मिनिटांत काम आटोपून ताई जिन्यात. पुढच्या खेपेला मी ती यायच्या आधी दोन्ही हात फ्रिजच्या पाण्यात बुडवून बसलो. गार पडलेल्या हाताची शीर आत पळते. ताईने डावा हात पाहिला, उजवा पाहिला, परत डावा.

"काय हो काका, मागच्या वेळची दोरी कुठे ठेवलीत?"

"वय झालं, ताई."

"तीन महिन्यांत?"

ती तळव्याने माझा दंड चोळत बसली. मी तिला महापुराची गोष्ट सांगितली: उल्हास नदी आमच्या पहिल्या मजल्यापर्यंत कशी आली, मी टेबलावर बसून तिला चहा कसा विचारला, आणि ती साखर कमी आहे म्हणून परत कशी गेली. ताई म्हणाली, "काका, आमच्या घरी आलेली ती न विचारता गहू घेऊन गेली." पंचवीस मिनिटं बसली. माझ्या त्या वर्षातला तो सगळ्यात लांब पाहुणचार.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी, कधी दोनच महिन्यांनी, मी रक्त द्यायला लागलो. एखादा माणूस पत्ते शिकतो तसा मी रिपोर्ट शिकलो. सीबीसी ही थोरली जाऊ, तिच्याशिवाय पान हलत नाही. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं तिच्या पदराला. पांढऱ्या वाढल्या की कुठेतरी जंतू घुसलेत. प्लेटलेट पडल्या की पावसाळ्यात आमची सबंध गल्ली डेंग्यूच्या नावाने पपईच्या पानांमागे धावते. ईएसआर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची बाई, शरीरात काहीतरी बिनसलंय एवढं नक्की सांगणार, पण कुठे विचारलं तर ते काही माहीत नाही. एसजीपीटी यकृताचं दुखणं दाखवतं. टीएसएच म्हणजे मेंदू थायरॉइडच्या ग्रंथीवर किती ओरडतोय ते. आकडा जितका मोठा तितकी ग्रंथी आळशी. आमच्या सुपरवायझरचा आवाज मोजला असता तर माझा टीएसएच तेव्हाच ठळक निघाला असता. पण निघाला नाही, काहीच निघालं नाही. व्हिटॅमिन डी, ज्याच्या नावाने आख्खी मुंबई रडते, तेसुद्धा माझं हद्दीत. मी दिवसभर गॅलरीत बसून असतो ना.

रिपोर्ट फोनवर यायचा, तो मी मुलीला पाठवायचो. दोन मिनिटांत तिच्याकडून अंगठ्याचं चित्र. कधी अंगठ्याखाली ओळ, "छान आहे बाबा, जपा." दिवाळीत येते म्हणाली होती. दिवाळीच्या आधी मी हौसेने रिपोर्ट पाठवला, सगळं साध्या अक्षरात. तिचा फोन आला, "बाबा, तुमची तब्येत एवढी छान आहे, मग दिवाळीचं पुढच्या वर्षी बघूया का? इथे फार अडकलेय." मी म्हटलं, बघूया ना, त्यात काय. नातवाला चकल्या कुरिअरने पाठवल्या, त्यांचा तिथे पोचेपर्यंत चिवडा झाला.

दीड वर्ष ती आली नव्हती. गॅलरीत बसून मी बराच विचार केला आणि तेहतीस वर्षं वाफेचा दाब पाहणाऱ्या माणसाला जे कळायला हवं ते मला कळलं. काटा लालमध्ये गेल्याशिवाय कोणी धावत येत नाही.

होळी आठवड्यावर होती. होळीच्या आधी उल्हासनगरात सिंधी मिठाईवाल्यांकडे घीयर निघतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, जिलेबीची आजी समजा. मैद्याचं, तुपात तळलेलं, पाकात बुडवलेलं आणि आकाराने रिक्षाच्या चाकाएवढं. बरं, चाकाएवढं नाही, पण ताटाबाहेर जातंच. लॅबला मी सकाळी दहाची वेळ दिली होती. साडेसहाला घराबाहेर पडलो, उल्हासनगर गाठलं, आधी दोन प्लेट डाळ-पकवान हाणलं आणि मग घीयर मागितलं.

"बाबा, पॅक कर दूँ?" दुकानदाराने विचारलं.

"नहीं, इधरही बैठ के खायेगा."

"पूरा? अरे साईं, ये चार जन का है."

"बाकी तीन आ रहे हैं."

त्याने बिचाऱ्याने चार वाट्या मांडल्या. मी दाराकडे बघत बघत, कोणी येतंय अशा थाटात, एकट्याने सगळं संपवलं. शेवटचा तुकडा गिळताना डोळ्यांपुढे तारे आले, तेही हद्दीबाहेरचे.

दहाला ताई आली. पेटी उघडली, नळ्या मांडल्या. सीबीसीची जांभळ्या टोपणाची, साखरेची राखाडी, बाकी सगळ्यांची पिवळी. नेहमीचा प्रश्न केला, "उपाशी आहात ना?"

"सोळा तास. उपोषणाला बसलेला पुढारी लाजेल."

ताईने माझ्या मिशीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "काका, चुकून काही खाल्लं असेल तर सांगा. मी उद्या परत येते, माझी इकडे फेरी आहेच."

आज विचार केला तर हसू येतं. खरं बोललो असतो तर ताई दुसऱ्या दिवशी फुकटात पुन्हा आली असती, दोन दिवस माणूस मिळालं असतं. पण मी तेव्हा मोठी शिकार करत होतो. म्हटलं, "पाणीसुद्धा मोजून प्यायलोय." तिने सुई लावली. मी हात बुडवायलाही विसरलो होतो, पाच मिनिटांत गेली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठ्याहत्तर. हद्द शंभरपर्यंत. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातलं तूप म्हणा, चारशेच्या पुढे, हद्द दीडशे. दोन्ही ठळक! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. एवढे सुंदर आकडे मी जन्मात पाहिले नव्हते. मुलीला नुसतं ते पहिलं पान पाठवणार होतो, पण एकेक पान वेगळं काढायला मला येत नाही, आख्खा रिपोर्ट गेला.

अंगठा आला नाही. फोन आला.

"बाबा, हे काय आहे?"

"काय आहे?" मी आवाज जरा खोल केला. खोकलो. खोकल्याचा साखरेशी काही संबंध नाही हे मला नंतर सुचलं.

"चक्कर येते का? तहान लागते फार? रात्री उठावं लागतं लघवीला?"

"थोडं थोडं सगळंच," मी म्हणालो.

"मी शनिवारी येतेय. तोपर्यंत भात बंद, साखर बंद. ऐकताय ना?"

ऐकत होतो. तिचा आवाज थरथरत होता तेही ऐकू आलं होतं. खोटं कशाला बोलू, ते ऐकूनही मला आनंदच झाला. दोन दिवस मी घर घासलं. गाद्या उन्हात टाकल्या. तिच्या आवडीचे बोंबील आणायला बाजारात गेलो आणि कोळणीला उगाचच सांगितलं, "लेक येतेय, विमानाने." कोळीण म्हणाली, "मग ताजेच घे, बाबा, विमानातून येऊन शिळं खाईल का?"

शनिवारी दुपारी बारा वाजता बेल वाजली. दार उघडलं. दारात मुलगी, खांद्याला एकच बॅग, डोळे सुजलेले. पाया पडली नाही, आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच तिने विचारलं,

"घीयर होतं की जिलेबी?"

मी म्हटलं, "आधी पाणी तर घे."

"बाबा!"

"घीयर."

विमानात बसल्यावर तिने तो रिपोर्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला होता. आईच्या आजारपणात ती हे सगळं शिकली होती. तेव्हा वहीत आकडे उतरवणारी तीच, आणि मी समजत होतो की मुलीला ठळक तेवढंच दिसतं. शेवटच्या पानावर पॅकेजमधली फुकट तपासणी होती, एचबीएवनसी. ती त्याच जांभळ्या नळीतून करतात हे मला, एवढ्या मोठ्या तज्ज्ञाला, ठाऊक नव्हतं.

"साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटून राहते," ती बॅग न ठेवताच बोलत होती, "तीनेक महिने. आज किती खाल्लं त्याने हा आकडा हलत नाही. तुमचा पाच पॉइंट चार आहे. एवढा छान तर माझा नाही! सकाळची साखर एकशे अठ्ठ्याहत्तर आणि हा पाच पॉइंट चार? आणि खाली शेरा वाचलात? लायपेमिक सॅम्पल. म्हणजे रक्त फिरवल्यावर वर जे पाणी राहतं ते दुधासारखं पांढरं निघालं. तुपाने, बाबा. लॅबवाल्यांना नळीत तूप दिसलं."

थोडक्यात, एचबीएवनसी म्हणजे कंपनीचं हजेरीपुस्तक निघालं. एक दिवस साहेबासमोर घाम गाळून उपयोग नाही, तीन महिन्यांच्या सह्या बोलतात. फक्त माझ्या बाबतीत उलटं झालं. तीन महिने मी सरळ होतो आणि चोरी एका दिवसाची होती.

मी हसवायला गेलो. म्हटलं, "तरी बघ, तुझ्या बापाच्या रक्तावर चहा होईल, दूध वेगळं घालायला नको."

ती हसली नाही. खुर्चीत बसली आणि ओढणी तोंडावर धरून रडायला लागली. "दोन दिवस मी जेवले नाहीये. ते जाड आकडे पाहिले आणि मला आईचा पहिला रिपोर्ट दिसला. तो पण असाच संध्याकाळी आला होता. ऑफिसात भांडून रजा घेतलीय मी, कल्याणच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुम्हाला गंमत वाटली?"

पुरात नदीला चहा विचारणारा माणूस उठून ओट्याकडे गेला. मी बोंबील तळायला घेतले. एक बाजू जळाली.

जेवण झाल्यावर तिने माझी फाइल मागितली. लॅब कागदावरही रिपोर्ट द्यायची, ते सगळे मी तिच्या आईच्या फाइलच्या मागच्या कप्प्यात लावले होते. तिने एकेक काढून जमिनीवर ओळीत मांडला. गादीएवढी लांब ओळ झाली.

"यातली डॉक्टरांनी सांगितलेली कोणती?"

"एकही नाही."

"मग कशाला?"

मी ताईचं सांगितलं. हात चाचपते ते सांगितलं, गार पाण्याचंही सांगितलं. सांगताना त्यात काही भर घालावी असं वाटलं नाही, आणि भर न घालता ती गोष्ट फार लहान निघाली, दोन वाक्यांत संपली.

तिने ओळीतला शेवटचा कागद सरळ केला. मग म्हणाली, "बाबा, नुसतं फोन करून म्हणायचं ना, ये म्हणून."

"आणि मी म्हटलं आणि तू नाही आलीस तर?"

आकडा साधा आहे म्हणून ती येत नाही, असं मला इतके दिवस म्हणता येत होतं. नुसतं ये म्हटलं आणि नाही आली, तर मग म्हणायला काय राहतं? हे मी तिला बोललो नाही. पण तिला कळलं असावं. तिने कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि फाइल स्वतःच्या बॅगेत घातली.

रविवारी दुपारी ती गेली. जाताना दोन गोष्टी बजावल्या. तपासणी वर्षातून एकदाच, तीही डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यावर. आणि बोंबील मंद आचेवर.

तपासणी बंद म्हणजे ताईही बंद. एकदा ती समोरच्या इमारतीत आलेली दिसली. गॅलरीतून हाक मारली तर खालून ओरडली, "काय काका, बंद केलंत का आमचं गिऱ्हाईक?" मी म्हटलं, "रक्त संपलं, ताई!" ती हसली, हात हलवला आणि पेटी घेऊन दुसऱ्याच्या जिन्यात शिरली. कोणाच्या घरी गेली, किती वेळ बसली, ते मी पाहत होतो. सात मिनिटं.

महिनाभर मी फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. शेवटी एका मंगळवारी संध्याकाळी मुलीला लावला. तिने उचलल्याबरोबर घाबरून विचारलं, "काय झालं?"

"काही झालं नाही. सगळं ठणठणीत आहे," मी म्हणालो. "ये."

मग ती म्हणाली, "बाबा, या महिन्यात नाही जमणार."

झालं. ज्याला घाबरून मी अख्खं घीयर खाल्लं होतं ते समोर येऊन उभं राहिलं. मी फोन ठेवायच्या बेतात होतो, पण ती थांबली नव्हती. नातवाची परीक्षा कधी आहे ते सांगितलं, त्याला गणितात काय येत नाही ते सांगितलं. सासूबाईंचा गुडघा, ऑफिसातली एक बाई जी माझ्या मुलीचं काम स्वतःच्या नावावर दाखवते, सगळं सांगितलं. मी त्या बाईला दोन शिव्या दिल्या, त्या तिला आवडल्या. मे महिन्याचं म्हणाली, नक्की नाही म्हणाली. मधेच, "एक मिनिट हं, कुकर लावते," असं म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवला.

मी फोन कानालाच धरून बसलो. डाळ धुतल्याचा आवाज आला, भांड्याला भांडं लागलं, नातू काहीतरी मागत होता आणि ती त्याला हात धुवायला पाठवत होती. मग कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. ती मला विसरली असणार, हे मला कळत होतं. तिसरीनंतर पावलं जवळ आली आणि तिने फोन उचलला.

"अगं बाई! बाबा, तुम्ही अजून आहात?"

"आहे," मी म्हणालो. "तू गॅस बारीक कर."